संघाचें संगणकखातें : उक्त्याचें कीं घरचें ?

येत्या वार्षिक साधारण सभेपुढें जे ठराव यावयाचे आहेत, त्यांतील सातव्या ठरावाकडे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें लक्ष गेलें नसावें असें आम्हांस वाटतें. नफावांटणी, खताचा साठा, गोदामाची दुरुस्ती हे विषय सभासदांच्या जिव्हाळ्याचे. त्यांवर चर्चा रंगते. परंतु ‘संघाचें संगणकविषयक काम बाहेरील सल्लागारांकडून काढून घेऊन त्याकरितां संघाचें स्वतःचें पथक नेमावें’ हें वाक्य वाचून बहुतेक सभासद पान उलटतील. त्यांनीं तें उलटूं नये एवढ्याकरितांच हा लेख लिहीत आहों.

सन २०२४ चा खरीप हंगाम आमच्या भागांतील सोयाबीनवाल्यांच्या स्मरणांतून इतक्यांत जाईल असें नाहीं. सरकारी हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये, बाजारांतील भाव त्याहून बराच खालीं, आणि परतीच्या पावसानें माल ओलसर. हमीभावाच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. ती केंद्र सरकारनें नोव्हेंबरांत त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. बातमी गांवोगांव पोंचली आणि काट्यावर गाड्यांची रांग लागली. परंतु काट्यावरील संगणकाला ही बातमी कोणी सांगितलेली नव्हती. ओलावा बाराच्या वर भरला कीं तो पावतीच छापीना. आमच्या कारकुनानें बाहेरच्या कंपनीस फोन केला, तेव्हां उत्तर आलें कीं, हा करारांत नसलेला बदल आहे. त्याकरितां लेखी मागणी पाठवावी, अंदाजपत्रक येईल, आणि तें मंजूर झाल्यावर काम रांगेंत लागेल. आंकडा बदलावयाचा होता एकच, बाराचे पंधरा. त्यास अठरा दिवस लागले.

ते अठरा दिवस काट्यावर कच्च्या कागदांवर पावत्या लिहिल्या गेल्या, आणि मागाहून त्या संगणकांत चढवितांना ज्या चुका झाल्या त्या निस्तरतां निस्तरतां माघ उजाडला. कांहीं सभासदांना दोनदां पैसे गेले, कांहींना मुळींच गेले नाहींत. एका विधवा भगिनीचा माल तिच्या दिराच्या नांवावर चढला, आणि त्यावरून त्या घरांत जें बोलणें झालें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. पैसे पुढें तिला मिळाले. बोलणें कांहीं परत घेतां आलें नाहीं.

या प्रकरणीं त्या कंपनीच्या माथीं सर्व दोष मारणें सोपें आहे. परंतु न्यायानें पाहतां तिनें करार मोडलेला नाहीं. करार आम्हींच केला होता, आणि तो करतांना आमच्यापैकीं एकानेंही असें विचारलें नव्हतें कीं, नियम हंगामाच्या मध्येंच बदलला तर काय ? ज्याला आपल्या धंद्याची खोड ठाऊक नाहीं त्यानें तो प्रश्न विचारला नाहीं, यांत नवल नाहीं. ज्यांना ती ठाऊक होती त्या आम्हीं तो विचारला नाहीं, हेंच खरें दुखणें आहे.

वास्तविक शेतकऱ्याला हा विषय नवा वाटावयाचें कारण नाहीं. विहीर खणणें, बांध घालणें, ऊस तोडणें हीं कामें आपण उक्तीं देतों. कारण त्यांना आरंभ असतो, शेवट असतो, आणि काम झालें कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें. परंतु रात्रीं दारें धरावयास, व्यायला झालेल्या म्हशीजवळ बसावयास किंवा बियाण्याचीं कणसें निवडावयास कोणी उक्ता माणूस लावीत नाहीं. तेथें घरचा माणूस किंवा वर्षानुवर्षें घरांत वावरलेला सालगडीच लागतो. संगणकाचें काम सुरुवातीस विहिरीसारखें दिसतें. एकदां खणून घेतली कीं झालें, असें वाटतें. प्रत्यक्षांत तें उभ्या पिकासारखें असतें. दर बदलतात, कर बदलतात, सरकारी पोर्टलांचे नमुने बदलतात, सभासद वारतात आणि वारसांचीं नांवें लागतात. त्याला रोज पाणी द्यावें लागतें. आम्हीं उभें पीक उक्तें दिलें होतें.

हा घोळ आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवीं बसलेल्या संस्थेनेंच घातला असेंही नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या प्रचंड कंपनीनें तो तीस वर्षें घातला. रॉस पेरो यांनीं १९६२ सालीं स्थापन केलेली ईडीएस ही संगणकाचीं कामें करून देणारी कंपनी जनरल मोटर्सनें १९८४ सालीं सुमारें अडीच अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. बाहेरचें काम याप्रमाणें घरांत आलें. १९९६ सालीं तीच कंपनी पुनः वेगळी काढून दिली, आणि आपलीं कामें दहा वर्षांच्या करारानें तिच्याकडेच ठेवलीं; म्हणजे घरचें काम पुनः बाहेर गेलें. २००८ सालीं ईडीएस ह्यूलेट-पॅकर्डच्या ताब्यांत गेली, आणि २००९ सालीं खुद्द जनरल मोटर्सचें दिवाळें वाजून तिला न्यायालयाच्या आश्रयास जावें लागलें. २०१२ सालीं रँडी मॉट हे गृहस्थ तेथील मुख्य माहिती-अधिकारी झाले, तेव्हां त्यांच्या खात्याचें सुमारें नव्वद टक्के काम परक्या हातांनीं चालत होतें. हें प्रमाण तीन वर्षांत नेमकें उलटें करावयाचें, असें त्यांनीं ठरविलें. टेक्सासांत ऑस्टिन, मिशिगनांत वॉरन, अटलांटाजवळ रॉझवेल आणि ॲरिझोनांत चँडलर अशीं चार केंद्रें त्यांनीं उघडलीं, आणि जगभर विखुरलेलीं तेवीस माहितीकेंद्रें आंखडून मिशिगनांतील दोहोंवर आणण्याचें काम हातीं घेतलें.

या सर्व हकीकतींत आमच्या मतें सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्याच २०१२ सालीं जनरल मोटर्सनें ह्यूलेट-पॅकर्डकडील सुमारें तीन हजार माणसें आपल्या चाकरींत घेतलीं. आणि हीं माणसें आधींपासून जनरल मोटर्सचेंच काम करीत होतीं. त्या कंपनीचें कोणतें यंत्र कोठें अडतें हें त्यांस ठाऊक होतें. हजेरीपट तेवढा दुसऱ्याचा होता. बाहेरून घरांत काम आणणें याचा अर्थ दारावर फलक लावून अनोळखी पदवीधर गोळा करणें असा नव्हे. आमच्या संघांतही त्या कंपनीनें पाठविलेले दोन तरुण गेलीं चार वर्षें काट्यामागच्या खोलींत बसत आहेत. सोयाबीनची कच्ची पावती आणि पक्की पावती यांतील भेद त्यांस आमच्या कांहीं संचालकांपेक्षां अधिक कळतो. त्यांची इच्छा असेल आणि त्यांच्या मालकाशीं लेखी बोलणें होऊन त्याची संमति मिळेल, तर पहिल्या नेमणुका त्यांच्याच व्हाव्या, असें आमचें मत आहे.

येथें एक गोष्ट लपवूं नये. त्या चार केंद्रांपैकीं चँडलर येथील केंद्र बंद करण्याचा निर्णय जनरल मोटर्सनें २०२३ सालीं जाहीर केला. घरचें पथक म्हणजे कायमचें पथक, असा समज कोणी करून घेऊं नये. काळजी न घेतल्यास तेंही ओझें होतें.

दुसरें उदाहरण इंग्लंडमधील शेतकऱ्यांचें आहे, आणि तें थोडें सविस्तर सांगणें आम्हांस अवश्य वाटतें; कारण तेथें जीं माणसें भरडलीं गेलीं तीं आपल्याच धंद्याचीं होतीं. युरोपांतील शेतीच्या अनुदानाची पद्धत २००५ सालीं बदलली. इंग्लंडमध्यें तें अनुदान वांटणाऱ्या सरकारी संस्थेनें नवी संगणकव्यवस्था बाहेरील मोठ्या मक्तेदाराकडून करवून घेतली, आणि त्याच सुमारास आपल्या कचेऱ्यांतील कामाची रीतही बदलली. पूर्वीं एका शेतकऱ्याचा अर्ज एकच कारकून आरंभापासून शेवटपर्यंत पाहत असे. नव्या रीतींत कामाचे तुकडे पडले. एकानें नकाशा पाहावा, दुसऱ्यानें क्षेत्रफळ, तिसऱ्यानें सही. त्यामुळें शेतकऱ्यानें विचारणा केली तर त्याच्या अर्जाचें पुढें काय झालें हें सांगावयास कोणीच नसे. मार्च २००६ अखेर ९६ टक्के रक्कम वांटण्याचा संकल्प होता. सुमारें १५१ कोटी पौंडांपैकीं प्रत्यक्षांत १५ टक्के वांटली गेली. पेरणीच्या तोंडावर कर्ज काढणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तें तिकडच्या शेतकऱ्यांस त्या वसंतांत कळून चुकलें.

एवढ्यावर कोणी म्हणेल कीं, पाहा, बाहेरच्यांवर विसंबल्याचें हें फळ. परंतु पुढचा भाग ऐकावा. २०१५ सालीं अनुदानाची योजना पुनः बदलली. या खेपेस ब्रिटिश सरकारपाशीं २०११ सालीं उभें केलेलें स्वतःचें डिजिटल खातें होतें, आणि तें कांहीं नुसतें नांवाचें नव्हतें. सरकारच्या विखुरलेल्या संकेतस्थळांच्या जागीं एकच संकेतस्थळ त्यानें ऑक्टोबर २०१२ मध्यें चालू करून दाखविलें होतें. एकाच बड्या मक्तेदारास सारें काम न देतां लहान लहान पुरवठादार आणि सरकारी माणसें मिळून काम करावें, या नव्या विचारानेंच अनुदानाची व्यवस्था रचली गेली. परंतु शेताच्या कडा पडद्यावर आंखण्याचा जो भाग होता, तो चालेना. मार्च २०१५ मध्यें सरकारास सांगावें लागलें कीं, शेतकऱ्यांनीं अर्ज कागदावर भरावे. मुदत १५ मेवरून १५ जूनवर न्यावी लागली. त्या वर्षाच्या डिसेंबरांतील लेखापरीक्षणाच्या अहवालाप्रमाणें या कामाचा अंदाजी खर्च १५.५ कोटी पौंडांवरून २१.५ कोटींवर गेला होता. संसदेच्या लोकलेखा समितीनें पुढें चौकशी करून वरिष्ठ अधिकाऱ्यांमधील बेबनावावर कडक ताशेरे ओढले. कोणास वाटे शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळणें मुख्य, कोणास वाटे नवी पद्धत मिरविणें मुख्य. आणि कामाचा जबाबदार अधिकारी तर पुनःपुनः बदलत होता.

म्हणून घरचें पथक नेमलें कीं सर्व दुःखें सरलीं, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. पथकाला धनी एक असावा लागतो आणि त्या धन्याला काय हवें हें ठरलेलें असावें लागतें. तें ठरलेलें असलें म्हणजे सरकारी घरचीं माणसेंही केवढें काम करतात, याचा दाखला शेजारच्या कर्नाटकांत आहे. तेथील ‘भूमी’ ही जमिनीच्या उताऱ्यांची व्यवस्था केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्रानें रचली. सुमारें दोन कोटी उतारे संगणकावर चढले, तालुक्याच्या कचेरींत पंधरा रुपयांत उतारा मिळूं लागला, आणि हातानें लिहिलेला उतारा त्यानंतर ग्राह्य धरावयाचा नाहीं असें ठरल्यामुळें मागें फिरण्याची वाटच उरली नाहीं.

आतां थोडें कायद्याविषयीं. कारण आम्हांस स्वतःला हें फार उशिरा समजलें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें संगणकाचा कार्यक्रम ‘वाङ्मयकृती’ म्हणून धरला आहे. आमचा सोयाबीनचा काटा कादंबरीच्या पंक्तीस बसला हें वाचून आम्हांस हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें नोकरानें नोकरीच्या ओघांत जें लिहिलें त्याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, धनी असतो. परंतु बाहेरच्या मक्तेदारानें पैसे घेऊन लिहून दिलेल्या कार्यक्रमाचा हक्क, तो लेखी करून दिला नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. शिवाय १९ व्या कलमाप्रमाणें हक्क लिहून देतांना मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांचीच समजली जाते. आमच्या करारांत हक्काविषयीं एक ओळही नाहीं. ज्या कार्यक्रमाकरितां संघानें इतकीं वर्षें पैसे मोजले त्यावर संघाचा हक्क काय, हें आज वकिलास विचारावें लागत आहे. ज्या शेतांत खपलों त्याचा उताराच आपल्या नांवचा नाहीं, असें हें झालें.

काम परक्याचें असलें तरी जबाबदारी मात्र आपली, हेंही ध्यानांत धरावें. सभासदांचे आधार क्रमांक, बँकेचीं खातीं, सातबारा हें सर्व संघाच्या विश्वासावर दिलेलें आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें, माहिती हाताळणारा दुसरा कोणी नेमला तरी, उत्तरदायित्व नेमणाऱ्याचेंच ठेविलें आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाच्या आहेत. तसेंच एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आज्ञेप्रमाणें संगणकावर कोणी दरोडा घातला तर तें समजल्यापासून सहा तासांच्या आंत कळवावें लागतें. ज्या कचेरीला साधी तक्रार नोंदवावयास तीन दिवस लागतात, तिनें सहा तासांत काय कळवावें ?

ठरावावर घेतले जाणारे आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. खर्च वाढेल, हा पहिला. पहिल्या वर्षीं तो वाढेलच. कारण जुना करार संपेपर्यंत दोन्ही पथकें शेजारीं बसवावीं लागतील आणि दोघांनाही पैसे द्यावे लागतील. हें वर्ष वांचवूं पाहणाऱ्यानें ठराव आणूंच नये. पुढील वर्षांचा हिशेब करतांना मात्र ताळेबंदांत ‘व्यावसायिक शुल्क’ या मथळ्याखालीं जी रक्कम पडते तीच केवळ पाहूं नये; ‘किरकोळ बदल’ म्हणून निरनिराळ्या खात्यांत विखुरलेलीं बिलेंही तींत मिळवावीं.

दुसरा आक्षेप असा कीं, शिकलेलीं मुलें तालुक्याच्या गांवीं राहत नाहींत. वर्षभरांत पुण्याची वाट धरतात. यांत तथ्य आहे. परंतु जीं राहूं इच्छितात त्यांना आपण कोठें विचारलें ? आपल्याच सभासदांच्या लेकीसुना पदव्या घेऊन घरीं बसलेल्या आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकींनीं शहरांत हीं कामें केलेलीं आहेत. आम्हांस खरी भीति निघून जाणाऱ्या हुषार मुलाची नाहीं. तो एकटाच असेल तर त्याची आहे. एकखांबी तंबू सल्लागारांच्या तंबूपेक्षां वाईट. यास्तव ठरावांत चार जागा आहेत, आणि प्रत्येक काम निदान दोघांना आलेंच पाहिजे व तें मराठींत वहींत लिहिलेलें असलें पाहिजे, अशी अट आहे. चौथी जागा कचेरींत बसण्याची नाहींच. त्या माणसानें खेडोपाडीं जाऊन काटेवाले व सचिव यांस शिकवावें. गांवच्या प्राथमिक सोसायट्यांकरितां केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि नाबार्डमार्फत सर्वांस एकच सॉफ्टवेअर देण्याचें ठरविलें. त्या सॉफ्टवेअरशीं आपला काटा जुळवून घेण्याचें कामही याच चौथ्या माणसाचें.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, म्हणून आम्हींच बोलून टाकतों. घरचें पथक म्हटलें कीं संचालकांचे भाचे-पुतणे आंत शिरतील ! ही भीति खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. यास्तव निवड बाहेरच्या परीक्षकांनीं करावी, उमेदवारांस काट्यावरच्या खऱ्या पावत्या देऊन त्यांचा हिशेब करावयास सांगावें, आणि कोणत्याही संचालकाच्या नातलगास या चार जागांपैकीं एकही देऊं नये, अशी दुरुस्ती सभेंत कोणीतरी मांडावी. दुसऱ्या कोणीं न मांडल्यास आम्ही मांडूं.

सर्वच काम घरांत आणावें असेंही नाहीं. सर्व्हर भाड्यानें घ्यावे. ते विकत घेऊन गोदामाच्या धुळींत ठेवणें शहाणपणाचें नाहीं. सुरक्षेची तपासणी वर्षांतून एकदां परक्याकडूनच करून घ्यावी, कारण आपलेंच दहीं आंबट असें कोणी म्हणत नाहीं. परंतु पासवर्ड संघाच्या तिजोरींत असावे, संकेतस्थळाचें नांव संघाच्या नांवावर नोंदलेलें असावें (तें आज कंपनीच्या एका माणसाच्या नांवावर आहे), आणि हिशेबाची प्रत दर आठवड्यास घेऊन ती महिन्यांतून एकदां निराळ्या यंत्रावर उघडून पाहावी. प्रत घेतली म्हणजे ती उघडतेच असें नाहीं. कामाची अदलाबदल खरिपाच्या खरेदींत मुळींच करूं नये. चैत्र-वैशाखांत काटा थंड असतो तेव्हां करावी.

आमच्या आग्रहावरून कंपनीनें गेल्या पंधरवड्यांत हिशेबाची पहिली संपूर्ण प्रत संघाच्या स्वाधीन केली. ती उघडली, हें समाधान. परंतु २०२४ च्या त्या अठरा दिवसांच्या पावत्यांपैकीं कांहींवर सभासदाचें नांवच नाहीं. नुसता गाडीचा नंबर आहे. त्या पावत्या कोणाच्या, हें संगणक सांगूं शकत नाहीं. यास्तव सभेस येतांना सभासदांनीं त्या हंगामाच्या कच्च्या पावत्या, फाटक्या असल्या तरी, बरोबर आणाव्या. सभामंडपाच्या डाव्या हातास त्या तपासून नोंदण्याकरितां टेबल मांडलें जाईल.